किनारा नंतर, आधी तिथी

उन्हाळी सहलींच्या पत्रांचा ढीग यंदाही मोठा आहे आणि फिरून फिरून प्रश्न एकच : सकाळी जाऊन रात्री परत यायला चांगला समुद्रकिनारा कोणता? त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. मुलं सहा आणि दहा वर्षांची, सासूबाई सत्तरीच्या. मेमधल्या एखाद्या रविवारी स्वतःच्या गाडीने जायचं आहे. किहीम, वरसोली, नागाव की काशीद? मुलांना पाण्यात मनसोक्त खेळता आलं पाहिजे. (ठाणे)

उत्तर : नागाव. पण रविवार कुठला हे ठरल्याशिवाय या उत्तराला काही अर्थ नाही.

मेमध्ये किनाऱ्यावर थांबता येईल असे वेळाचे तुकडे दोनच. सकाळी उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारपासून सातपर्यंत. मधल्या वेळात कोरडी वाळू पाय टेकू देत नाही आणि मुलं चपला तर पहिल्या पाच मिनिटांत टाकून देतात. तेव्हा बघायचं ते एवढंच की या दोन तुकड्यांत पाणी कुठे असेल. ते तिथी सांगते.

कोकणातलं जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित ढोबळ आहे. पौर्णिमा-अमावस्येला ते सव्वाअकरा सांगतं, प्रत्यक्षात मुंबई-अलिबागकडे भरती बाराच्या आसपास येते. म्हणून तासाभराची सूट धरा. निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्याच. पण कॅलेंडर हातात घेऊन रविवार निवडायला पाऊणपट पुरते.

आता हे तुमच्या रविवारावर बसवून बघा. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर भरती भर दुपारी, म्हणजे पाणी चांगलं तेव्हा ऊन डोक्यावर. संध्याकाळी सहाला तुम्ही किनाऱ्यावर याल तेव्हा पूर्ण ओहोटी : पाणी लांब गेलेलं, मध्ये चिकट ओली वाळू. शिवाय हे उधाणाचे दिवस. मुंबईजवळ भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि एवढं पाणी सहा तासांत ये-जा करतं म्हणजे ओढ आलीच. सप्तमी ते दशमी या दिवसांना कोळी भांग म्हणतात. तेव्हा हा फरक जवळपास निम्म्यावर येतो, पाणी आळसावलेलं असतं आणि भरती पडते संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या मध्ये. साडेचारला पाण्यात उतरलात तर पाणी हळूहळू वर चढत असतं, मुलांना किनाऱ्याकडे ढकलत असतं. तुम्हाला हवा तो रविवार हाच.

तारीख ठरली की मग किनारा. नागावचा उतार अगदी हलका आहे. कमरेएवढं पाणी लागायला बरंच चालावं लागतं, लाट आधीच फुटून येते. वरसोलीही तसाच, फक्त खाण्यापिण्याची सोय कमी आणि गर्दीही कमी. किहीमला सावली उत्तम. सुरू, नारळ, पक्षी. सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो याच गावात. पण ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला तिथे मोकळं सोडू नका. काशीदची पांढरी वाळू फोटोत सगळ्यांत देखणी दिसते. मात्र तिथे उतार जास्त, लाट थेट किनाऱ्यावर येऊन आपटते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरायची ती जागा नव्हे. अलिबागचा मुख्य किनारा किल्ला बघायला, भेळ खायला ठीक, डुंबायला नको.

सासूबाईंसाठी एक गोष्ट पैसे टाकून करा. नागाव-आक्षीत बरीच घरगुती कॉटेजं दिवसापुरती खोली देतात. अकराच्या आत पोहोचा, जेवणाची ऑर्डर आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर ताटं एकला नव्हे, तीनला येतात. मासेमारी बंद होते १ जूनला, त्यामुळे मेमध्ये ताजं मिळतं. दुपारी झोप आणि साडेचारला समुद्र. परतताना कार्ले खिंड, पोयनाड, वडखळ हा पट्टा रविवारी संध्याकाळी तुंबतो. पाचला निघून त्यात अडकण्यापेक्षा सातपर्यंत पाण्यात राहा, अंघोळी उरका, जेवा आणि साडेआठला निघा. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायच्या असतील तर त्या जातानाच घ्या.

प्रश्न : पुण्याहून एका दिवसात दिवेआगर होईल का? की श्रीवर्धन बरं? हरिहरेश्वरही जमवता येईल का? (कोथरूड)

उत्तर : दिवेआगर होतं, श्रीवर्धन जेमतेम, तिन्ही होत नाहीत.

ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तिथून म्हसळ्यावरून दिवेआगर, अंतर सुमारे १६० किलोमीटर. आकडा छोटा वाटतो, पण घाट आणि नंतरचे वळणावळणाचे रस्ते यांमुळे चार-साडेचार तास धराच. पहाटे चारला निघालात तर साडेआठला वाळूवर. परत येताना ताम्हिणी अंधार पडायच्या आत उतरण्यात... नव्हे, चढण्यात शहाणपण आहे, म्हणजे दिवेआगर साडेतीनला सोडायचं. संध्याकाळचा समुद्र तुमच्या वाट्याला नाही. म्हणून ठाणेकरांना सांगितलेला हिशोब तुम्हाला उलटा लावावा लागेल : तुम्हाला सकाळची भरती हवी. एकादशी किंवा द्वादशी पाहा. पाऊणपट सव्वाआठ ते नऊ येते, पौर्णिमा-अमावस्येच्या आधीच्या दिवसांत प्रत्यक्ष भरती त्याहून थोडी उशिरा असते, म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा पाणी अजून चढत असेल. दहाला बाहेर या.

हरिहरेश्वरच्या देवळामागच्या प्रदक्षिणामार्गासाठी वाकडी वाट करणार असाल तर तो मार्ग ओहोटीचा आहे, हे लक्षात ठेवा. भरतीला लाट त्या खडकावर चढते आणि खडक शेवाळलेला असतो. तिथे माणसं वाहून गेली आहेत. सकाळची भरती साधायला निवडलेल्या दिवशी तिथली ओहोटी पडते दुपारी तीनला, नेमकी तुमची निघायची वेळ. त्यामुळे या वेळी नाहीच. दोन दिवस काढता आले तर मात्र तिन्ही गावं निवांत होतात.

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आहे. दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाणी होतं. स्थानिक लोक ‘ओहोटीला या’ म्हणतात, पण नेमकं केव्हा? (पनवेल)

उत्तर : तृतीया किंवा चतुर्थीच्या सकाळी. पाऊणपटीने भरती दुपारी सव्वादोन-तीनची, म्हणजे ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान. ऊन कोवळं, आणि उधाण नुकतंच सरल्याने पाणी पुरेसं मागे गेलेलं. अष्टमीला जाल तर ओहोटी भर बाराला, आणि भांग असल्यामुळे ती इतकी अर्धवट की वाट पुरती उघडेलच असं नाही. तुमच्या दोन फेऱ्या बहुधा अशाच दिवसांत गेल्या असाव्यात. ‘ओहोटी’ आणि ‘पुरेशी ओहोटी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघा. पाणी मागे हटतानाच त्याच्यामागून जायचं, पूर्ण ओसरायची वाट बघत बसायचं नाही. परतीला ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात पाऊल बाहेर पडलंच पाहिजे. किल्ल्यापाशी उभं राहिलं की समुद्र अजून दूर दिसतो, पण मधली सखल पट्टी आधी भरते. दोरीच्या रबरी चपला नकोत; चिखलात त्या पट्टा तुटून अडकतात आणि खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचं देऊळ आहे; ते बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून मोबाइलवर गजर लावून ठेवा. उशीर झालाच तर धाडस न करता आतच थांबा, घोडागाडी किंवा होडी मिळते का बघा.

प्रश्न : गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो कसा? दरवर्षी बातम्या येतात. पोहता येणारेही जातात. (डोंबिवली)

उत्तर : तो बुडतो तेव्हा पाणी गुडघाभर राहिलेलं नसतं. हे तीन प्रकारे होतं.

पहिला प्रकार चरांचा. सपाट किनाऱ्यावर वाळूचे लांबट उंचवटे असतात आणि त्यांच्या मध्ये किनाऱ्याला समांतर चर. ओहोटीला तुम्ही घोट्याएवढं पाणी ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावर जाता, तिथे मुलं किल्ले बांधतात. भरती लागली की पाणी आधी चरात शिरतं, म्हणजे तुमच्या मागून. समोर समुद्र तिथेच असतो आणि परतीची वाट कमरेएवढी झालेली असते.

भरती एकसारखी चढत नाही, हेही फसवतं. सहा तासांतल्या एकूण चढीचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात पाणी वीतभर-दीडवीत वर येतं आणि आपण म्हणतो, ‘अजून वेळ आहे.’ तिसऱ्या तासात ते एक मीटर चढतं. पन्नास पावलांना एक पाऊल असा उतार असलेल्या किनाऱ्यावर एक मीटर चढ म्हणजे पाणी तासाभरात पन्नास मीटर आत येणं.

दुसरा प्रकार ओढीचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला कुठेतरी वाट शोधतं आणि एका अरुंद पट्टीतून जोरात बाहेर पडतं. गंमत अशी की हीच पट्टी नवख्याला सगळ्यांत सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस, मध्ये काळपट शांत पाणी, आणि नीट पाहिलं तर त्यातून फेस व गढूळ वाळू समुद्राकडे चाललेली : तिथे उतरायचं नाही. खाडीच्या मुखाशी ही ओढ कायमचीच असते, ओहोटीला जास्त. रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडाशी, आक्षीला अलिबागकडच्या टोकाला, कुठेही नदी-खाडी मिळते त्या बाजूला डुंबू नका.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट सोडा. पट्टीचे पोहणारे जातात ते याच हट्टापायी, ताकद संपते. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर तीस-चाळीस मीटर बाजूला सरका. लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर आत या.

तिसरा प्रकार मोठ्या उताराच्या किनाऱ्यांचा. काशीदबद्दल वर लिहिलंच आहे, गणपतीपुळ्यालाही तेच. परतणारी लाट पाय उचलते आणि पुढची डोक्यावर येते. तिथे घोट्यापुढे जायचं नाही.

वाचवायला म्हणून उडी मारणारा दुसरा माणूसही जातो. त्याऐवजी सामानात दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले पाच लिटरचे कॅन आणि पंधरा मीटर दोरी ठेवा. कॅनमध्ये तळाशी पेलाभर पाणी असू द्या. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भलतीकडेच जातो. हवेच्या ट्यूबवर मुलांना सकाळी सोडू नका. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ट्यूब बघता बघता बाहेर नेतो. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात, ते निदान आत तरी ढकलतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस नसला तरी समुद्र फुगायला लागतो. तेव्हा ही सगळी गणितं बाजूला ठेवा आणि पाण्यात उतरूच नका. मदतीला ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४.

प्रश्न : गाडी नाही. लोकलने जाण्यासारखा किनारा सांगा. (नालासोपारा)

उत्तर : केळवे. विरारहून डहाणूची लोकल, केळवे रोडला उतरून रिक्षा. सुरूची दाट रांग किनाऱ्याला लागूनच आहे, त्यामुळे दुपारही निघते. झाडाखाली जागा हवी तर दहाच्या आत पोहोचा. ताडगोळे स्टेशनबाहेरच घ्या.

डहाणू रोडहून पुढे रिक्षाने पंधरा-सोळा किलोमीटरवर बोर्डी. हा किनारा डुंबायला नव्हे, चालायला. उत्तरेकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो आणि इथे जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी अर्धा किलोमीटरवर जाऊन बसतं. तुमच्याकडे भरतीची वेळ मुंबईपेक्षा उशिरा असते, हेही हिशोबात घ्या. चिकू मात्र घोलवडचेच आणा, पिशवीत कडक बघून. मऊ घेतलेले विरारपर्यंत पोहोचत नाहीत.

प्रश्न : नागाव, गुहागरला ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला म्हणे. म्हणजे ते किनारे सुरक्षित, असं समजायचं का? (सांगली)

उत्तर : स्वच्छ आणि सोयींचे, असं समजा. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांना ते मानांकन मिळालं. त्यासाठी ३३ निकष असतात : पाण्याचा दर्जा, शौचालयं, कचरा, जीवरक्षक, माहितीफलक वगैरे. ज्या पट्ट्यात जीवरक्षक आहेत त्याच पट्ट्यात डुंबा, कारण हे मानांकन किनाऱ्याच्या ठरावीक भागाला असतं, सगळ्या किनाऱ्याला नव्हे. सोबत म्हातारी माणसं असतील तर स्वच्छ शौचालय हे एकच कारण पुरेसं आहे.

प्रश्न : किनाऱ्यावर गाडी उतरवली आणि रुतली. भरतीच्या आत कशीबशी निघाली. असं झालं तर काय करावं? (कल्याण)

उत्तर : पहिलं, उतरवू नये. बहुतेक ठिकाणी मनाईच आहे. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी टणक वाटते आणि गाडी चालत असते तोवर असतेही. थांबली की चाकाखालच्या वाळूतून पाणी हलतं, वाळू सैल होते आणि गाडी स्वतःच्या वजनाने बसते.

रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक एकदा जागेवर फिरलं की चार बोटं खाली जातं आणि दोन-तीनदा असं केलं की गाडीचं पोट वाळूला टेकतं. मग दहा जणांनी ढकलूनही हलत नाही. सगळे उतरा, सामान उतरवा. चारही टायरची हवा बत्तीसवरून सोळा-अठरापर्यंत सोडा, टायर पसरून पकड वाढते. चाकांच्या पुढची वाळू हातांनी उतरती काढा, गाडीतल्या पायपुसण्या उलट्या करून चाकाखाली सरकवा. स्टिअरिंग सरळ ठेवून, ज्या खुणांवरून आत आलात त्याच खुणांवरून, रिव्हर्समध्ये हळू मागे घ्या. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर तिसरा करू नका, गावात ट्रॅक्टर बघायला माणूस पिटाळा. दोरी टो-हुकलाच बांधा. बंपरला बांधलेली दोरी बंपरच घेऊन जाते.

बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत चाळीसच्या पुढे वेग नको. आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवून घ्या, ब्रेकच्या डिस्कसकट. मीठ रात्रभर राहिलं की सकाळी ब्रेक करकरतात.

प्रश्न : पायाला काहीतरी चावलं, पाय सुजला. जेलीफिश की आणखी काही? (वसई)

उत्तर : तळव्याला किंवा घोट्याला एकच खोल जखम आणि असह्य ठणका असेल तर पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा. ते उथळ पाण्यात वाळूत दडून बसतं. पाय उचलून न टाकता वाळूतून घासत चाललं की आधीच पळतं. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा, काटा खोल असेल तर ओढू नका, डॉक्टरकडे जा. दोरीसारखे लाल वळ आणि आग असेल तर जेलीफिश. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने अलगद काढा. गोडं पाणी, चोळणं, वाळू घासणं, तिन्ही नको. धाप लागली किंवा तोंड सुजलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.